अण्णांची वही : छप्पन्नाव्या वर्षी घेतलेल्या वाइंडिंगच्या दुकानाचं प्रकरण

हे प्रकरण ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. मी तिथे करसल्लागार आहे. दुकान देणारे आणि घेणारे दोघंही माझ्याकडे आले, आणि दोघांचा कागद मीच केला. त्यामुळे यातल्या दोन चुका माझ्या आहेत, त्या पुढे सांगतो. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा जवळच्या आकड्याला नेल्या आहेत.

## पार्श्वभूमी

अण्णांचं मोटर वाइंडिंगचं दुकान १९८३ पासूनचं. बाजार समितीच्या रस्त्याला दहा बाय अठराचा गाळा, भाड्याचा. पाच एचपी, साडेसात एचपीच्या शेतीच्या मोटारी, पाणबुडी पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, कडबाकुट्टीच्या मोटारी असं सगळं काम. जळालेली मोटर आली की जुनं तांबं काढायचं, स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग) साफ करायचा, नवी वायर भरायची, वार्निश करून भट्टीत वाळवायचं, बेअरिंग किंवा बुश बदलायचे, मेगर (वायरचं आवरण शाबूत आहे का बघायचं यंत्र) लावून तपासायचं आणि गिऱ्हाइकासमोर चालवून द्यायची. उन्हाळ्यात एक पोरगा हाताखाली असे. बाकी वर्षभर अण्णा एकटेच.

२०२२ च्या दिवाळीत अण्णा एकाहत्तर वर्षांचे होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा होता. बारीक गेजची (जाडीची) वायर स्लॉटमध्ये (स्टेटरच्या खाचेत) बसवताना हात थरथरायला लागले होते. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला या धंद्यात यायचं नव्हतं आणि अण्णांचाही आग्रह नव्हता.

बापू त्यांचे जुने ओळखीचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १९९६ पासून मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. वय पंचावन्न, निवृत्ती अठ्ठावन्नला, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये. हातात महिन्याला एकतीस हजार. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. मुलगा खासगी नोकरीत, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

बापूंना झोप लागू देत नव्हता तो पेन्शनचा आकडा. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ चं गणित साधं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. पण पगार कितीही असला तरी २०१४ च्या सप्टेंबरपासून बहुतेकांच्या पेन्शनसाठी पंधरा हजारच धरला जातो, आणि त्याआधीच्या वर्षांना साडेसहा हजारांची जुनी मर्यादा लागते. मी त्यांच्यासमोर वहीवर मांडून दाखवलं. वीस वर्षांच्या वर सेवा झाल्याची वाढीव दोन वर्षं धरूनही आकडा चार हजारांच्या घरात थांबला. बापू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. सत्तावीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या माणसाला मी त्यावर काय बोलणार होतो, मला सुचलं नाही. आजही सुचत नाही.

त्यांच्या कारखान्यातून आधी निवृत्त झालेले चौघं त्यांना माहीत होते. दोघं सोसायटीच्या गेटवर बारा तासांची वॉचमनकी करत होते.

## अडचण नेमकी कुठे होती

अण्णांनी विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं सरळ होतं. "सहा लाख द्या, दुकान तुमचं. पण या वर्षात घ्या. मला आता होत नाही."

यात दोन वेळापत्रकं एकमेकांशी जुळत नव्हती. बापूंची नोकरी अजून पावणेतीन वर्षांची होती आणि अण्णांचं शरीर तेवढं थांबणार नव्हतं.

दुसरी गाठ याहून कठीण. सहा लाखांत अण्णा विकत काय होते? एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) त्यांच्या पॅनला जोडलेली, ती कुणाच्या नावावर होत नाही, बापूंना नवीनच काढावी लागणार होती. जीएसटी नोंदणी नव्हतीच, कारण उलाढाल वीस लाखांच्या बरीच खाली. गाळा मालकाचा. राहिलं काय, तर अवजारं, थोडा माल, पाटीवरचं नाव, अण्णांचा मोबाइल नंबर आणि एक वही.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. मोटर भरायची तर तिच्यात कुठल्या गेजची वायर, एका कॉइलला किती आटे आणि कॉइलचा पल्ला किती स्लॉटचा, हे माहीत लागतं. जळालेलं वाइंडिंग काढताना आटे मोजून हे कळतं, पण आधी कुणी चुकीचं भरलेलं असेल तर ती चूकच पुढे चालू राहते. अण्णांनी चाळीस वर्षांत हाताखालून गेलेल्या मोटारींची नोंद ठेवली होती : कंपनी, एचपी, स्लॉट, गेज, आटे, आणि पुढे स्वतःच्या खुणा. एक फुली म्हणजे दिलेल्यापेक्षा दोन आटे जास्त भरायचे, कारण त्या भागात व्होल्टेज वर जातं. गोल म्हणजे बॉडी बारीक चिरलेली असते, आधी बघून घ्यायची. या खुणा अण्णांशिवाय कुणाला वाचता येत नव्हत्या.

## कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच न करता अठ्ठावन्नपर्यंत नोकरी. यात पगार शाबूत, पण दुकान हातचं जाणार. बाजारातल्या एका पंपविक्रेत्यानं अण्णांना गाळ्यासाठी विचारलंच होतं.

दुसरा, निवृत्तीनंतर स्वतःचं नवं दुकान. अवजारांना दीड लाख पुरले असते. पण गिऱ्हाईक वाइंडिंगवाला पाटी बघून निवडत नाही. ऐन फेब्रुवारीत मोटर जळाली की शेतकऱ्याला उभ्या पिकाची काळजी असते, तो ओळखीच्या हाताकडेच जातो. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती ओळख शून्यापासून करायला तीन-चार हंगाम गेले असते.

तिसरा, भागीदारी. बापू नोकरीत राहून पैसे घालणार, अण्णा पोरं ठेवून दुकान चालवणार. कागदावर हा मला आवडला होता. पण बापूंच्या कारखान्याच्या सेवानियमांत दुसरा धंदा करायला मनाई होती, आणि अण्णांना पोरं सांभाळायची सवयच नव्हती. आठवडाभर विचार करून आम्ही तो सोडला.

चौथा, लगेच राजीनामा देऊन धंदा घेणं. बापूंच्या पत्नी, वहिनी, याला ठाम विरोधात होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "यांना मोटर भरता येते का?" कारखान्यातला इलेक्ट्रिशियन पॅनेल बघतो, केबल टाकतो, मोटर जोडतो-काढतो. जळालेली मोटर बाहेर भरायला पाठवली जाते. बापूंनी आयुष्यात तीन मोटारी भरल्या होत्या, त्याही आयटीआयमध्ये. तोपर्यंत मी नफ्यातोट्याचं गणित मांडत बसलो होतो, आणि मूळ प्रश्न वहिनींनी विचारला.

त्यातून पाचवा रस्ता निघाला. आधी काम शिकायचं, मग ठरवायचं. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे आणि अण्णांचं दुकान गुरुवारी चालू. जानेवारी २०२३ पासून बापू दर गुरुवारी सकाळी आठला अण्णांच्या दुकानात जाऊन बसले. पैसे घ्यायचे नाहीत, नावावर काही करायचं नाही, फक्त शिकायचं. ऑगस्टपर्यंत तीसेक गुरुवार झाले. मधे पंधरा दिवसांची रजाही त्यांनी एप्रिलच्या ऐन हंगामात तिथेच घालवली.

एप्रिलच्या त्या रजेत बापूंचं मन ठरलं, असं मला वाटतं. एकदा त्यांनी भरलेली साडेसातची पाणबुडी अण्णांनी परत सोडवायला लावली. प्लास्टिक आवरणाची वायर ओढताना एका जागी घासली गेली होती. मेगरला ठीक दाखवत होतं. अण्णा म्हणाले, "आत्ता दाखवेल. पाण्यात गेल्यावर आठ दिवसांत बसेल." आठ तासांचं काम बापूंनी मुकाट्यानं पुन्हा केलं.

## किंमत कशी ठरली

अण्णांकडे हिशेबाच्या वह्या नव्हत्या, होती ती फक्त उधारीची. धंदा किती होतो हे काढायला आम्ही उलट्या बाजूनं गेलो. वायरच्या व्यापाऱ्याकडून अण्णांच्या तीन वर्षांच्या खरेदीची बिलं काढली. वर्षाला किती किलो वायर घेतली ते कळलं की साधारण किती मोटारी भरल्या याचा अंदाज येतो. त्याला पडताळा म्हणून जुन्या तांब्याची भंगारविक्री बघितली, कारण जेवढं नवं तांबं आत जातं त्याच्या जवळपास जुनं बाहेर येतं. तिसरा पडताळा पासबुकाचा. तिन्ही आकडे थोडेफार जुळले आणि अण्णांच्या बोलण्यावरचा आमचा विश्वास पक्का झाला. छोट्या धंद्यात मालक फसवेलच असं नाही, पण त्याला स्वतःलाच आकडा माहीत नसतो.

भंगार धरून वर्षाची जमा नऊ लाख साठ हजार. वायर, बेअरिंग, वार्निश वगैरे माल चार लाख साठ. भाडं अठ्ठेचाळीस हजार, वीज अठरा, हंगामी पोरग्याचे साठ, किरकोळ चौतीस. उरले तीन लाख चाळीस हजार.

अण्णांच्या मते हा नफा, आणि त्याची दीड-दोन पट मागणं रास्त. इथे मी अडलो. तीन लाख चाळीस ही अण्णांची मजुरी होती. त्यांच्या तोडीचा कारागीर पगारावर ठेवायचा तर महिन्याला वीस हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस द्यावे लागले असते. ते वजा जाता धंद्याची म्हणून कमाई वर्षाला एक लाख. बापू दुकानात बसून जी मजुरी मिळवणार, ती त्यांच्या घामाची. तिची किंमत आधीच अण्णांना देण्यात अर्थ नव्हता.

अवजारं, भट्टी, कॉइलचे साचे, चेन-पुली, टेस्टिंग पॅनेल मिळून एक लाख चाळीस. माल नव्वद हजारांचा. नावाचे म्हणून त्या एक लाखाची दीड पट. बेरीज तीन लाख ऐंशी.

अण्णांना हे लागलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. मला त्यांचं दुःख समजत होतं. चाळीस वर्षांच्या नावाची किंमत दीड लाख, हे कागदावर बघणं कुणालाही जड जाईल. शेवटी बापू स्वतः त्यांच्या घरी गेले, आणि सव्वाचार लाखांवर ठरलं. दोन लाख पंचवीस हजार ताबा घेताना, उरलेले दोन लाख महिन्याला दहा हजारांनी वीस हप्त्यांत. बदल्यात अण्णांनी सहा महिने रोज सकाळी चार तास दुकानात बसायचं, हात लावायचा नाही, बघायचं आणि सांगायचं.

सव्वाचारातले वरचे पंचेचाळीस हजार बापूंनी या सहा महिन्यांसाठी दिले असं मी मानतो, आणि या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त खरेदी तीच होती.

पैशाची व्यवस्था करताना एक रेघ आम्ही आखली : खरेदी ग्रॅच्युइटीतून, प्रॉव्हिडंट फंडाला हात नाही. ग्रॅच्युइटी सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून चोवीस हजार, सेवा सत्तावीस वर्षं, म्हणून सुमारे तीन लाख चौऱ्याहत्तर हजार आले. छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा योजनेतलं पाच लाखांपर्यंतचं 'किशोर' कर्ज बँक द्यायला तयार होती. पण पहिल्या हंगामाआधी डोक्यावर बँकेचा हप्ता नको, असं वहिनी म्हणाल्या आणि ते बरोबर होतं. पेन्शनही मुदतीआधी सुरू करायची नाही असं ठरलं, कारण अठ्ठावन्नच्या आधी घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कमी होते, ती कायमची.

## ताबा

बापूंनी ३१ ऑगस्ट २०२३ ला नोकरी सोडली. ताब्याचा दिवस अण्णांनी निवडला, खंडेनवमीचा, २३ ऑक्टोबर. त्या दिवशी कारागीर हत्यारं पुजतात. अण्णांनी चाळीस वर्षांप्रमाणे पूजा मांडली, हातोडी, पक्कड, साचे, मेगर सगळं पाटावर ठेवलं, आणि आरती झाल्यावर हळदकुंकू लावलेली पक्कड बापूंच्या हातात दिली. करारावर सह्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला झाल्या.

करारात काय होतं ते थोडक्यात : अवजारांची यादी, मालाची मोजणी, पाटीवरचं नाव पाच वर्षं वापरायची मुभा, अण्णांनी तालुक्यात हा धंदा पुन्हा न करण्याचं वचन, जुनी उधारी अण्णांची, आणि हप्त्यांचं वेळापत्रक. वहीची प्रत बापूंनी आधीच गुरुवारी गुरुवारी उतरवून घेतली होती, अण्णांच्या खुणांचा अर्थ समोर लिहून.

दोन गोष्टी करारात नव्हत्या, आणि त्या माझ्या हातून सुटल्या.

## पहिला उन्हाळा

पहिली सुटलेली गोष्ट गॅरंटी. अण्णा भरलेल्या मोटरीवर सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी देत. जुलै ते ऑक्टोबरमध्ये भरलेल्या मोटारी डिसेंबर-जानेवारीत परत यायला लागल्या, एकूण नऊ. काम अण्णांचं, पैसे अण्णांनी घेतलेले, पण शेतकरी दारात उभा बापूंच्या. परत पाठवलं तर नाव जाणार, फुकट भरून दिलं तर प्रत्येक मोटरीला तीन-चार हजारांचा माल पदरचा. करारात एक ओळ असती तर प्रश्नच नव्हता. मी ती लिहिली नव्हती, कारण चालू गॅरंटी हे देणं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देणी म्हटलं की मी व्यापाऱ्यांची थकबाकी शोधली होती. शेवटी अण्णाच म्हणाले, "माल माझा, मजुरी तुझी." सुमारे तीस हजार त्यांनी सोसले. ते सोसायचे नाकारते तर माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

दुसरी सुटलेली गोष्ट गाळा. घरमालकाशी बोलणं आम्ही शेवटी ठेवलं होतं. किंमत ठरून गेल्यावर त्यांना कळलं, आणि चार हजारांचं भाडं त्यांनी साडेसहा हजार सांगितलं. त्यांचा तो हक्क होता. अण्णांचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स संपत आला होता, आणि मालकाच्या संमतीशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. घासाघीस करून साडेपाच हजारांवर छत्तीस महिन्यांचा नोंदणीकृत करार झाला. म्हणजे वर्षाला अठरा हजारांचा फरक, जो माझ्या किमतीच्या गणितात नव्हता. धंद्याची कमाई एक लाख धरली होती, ती तिथेच ब्याऐंशी हजारांवर आली.

फोनचं तर आम्ही चर्चेतही आणलं नव्हतं. पाटीवर, शेतकऱ्यांच्या भिंतीवर, स्टार्टरच्या पेट्यांवर खडूनं लिहिलेला होता तो अण्णांचा खासगी नंबर. आधार, बँक, मुलाचे फोन सगळं त्यावरच, त्यामुळे तो देता येईना. महिनाभर फोन अण्णांच्या घरी वाजत राहिले. अण्णांच्या पत्नी निरोप लिहून ठेवत, पण दुपारपर्यंत शेतकरी दुसऱ्या दुकानात गेलेला असे. मग कॉल फॉरवर्डिंग केलं, तर अण्णांच्या व्याह्यांचे फोनही बापूंना यायला लागले. शेवटी अण्णांसाठी घरगुती वापराचा नवा नंबर घेतला, बँक आणि आधार त्यावर नेले, आणि जुना नंबर मार्च २०२४ मध्ये रीतसर बापूंच्या नावावर झाला. हे सहा महिने आधी सुरू करता आलं असतं.

हंगामही नेहमीचा नव्हता. २०२३ चा पाऊस ओढला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारनं राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. विहिरी आणि बोअर लवकर आटले की मोटारी कोरड्या चालून जळतात. रात्रपाळीच्या विजेला ऑटो स्विच लावून शेतकरी झोपलेला असतो, पाणी संपलेलं त्याला कळत नाही. त्यामुळे जानेवारीतच रीघ लागली, आणि एप्रिलमध्ये काम एकदम थांबलं, कारण उपसायला पाणीच उरलं नव्हतं. मे २०२४ मध्ये तांब्याचा जागतिक भाव तेव्हाच्या उच्चांकाला गेला. बापूंनी मार्चच्या दरानं सांगितलेल्या चार-पाच मोटारींत मजुरीही निघाली नाही. तेव्हापासून ते मजुरी पक्की सांगतात आणि वायर त्या दिवशीच्या दरानं.

उधारीचा त्रास वेगळाच. जुनी उधारी अण्णांची आणि नवी बापूंची हे आम्हा तिघांना स्पष्ट होतं, शेतकऱ्याला नव्हतं. ऊसबिल आलं की तो दुकानात पाच हजार ठेवून जायचा. ते कुणाचे? आधी जुनी फेडायची की नवी? दोन वेळा यावरून अण्णा-बापूंमध्ये शब्दाला शब्द लागला. फेब्रुवारीत ठरलं की येणारा प्रत्येक रुपया निम्मा-निम्मा, जुनी खाती संपेपर्यंत. हिशेबाच्या दृष्टीनं हा तोडगा ओबडधोबड आहे, पण भांडण थांबलं.

## हप्त्यांचा प्रश्न

मार्च २०२४ मध्ये अण्णा न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं. सहा महिन्यांतला एक महिना बाकी होता आणि पुढे कधी येतील याचा भरवसा नव्हता. पहिल्या वर्षाचा अंदाज बापूंच्या समोर होता. पुढे वर्षअखेरीस आकडे तसेच आले : जमा आठ लाख तीस हजार, माल चार लाख दहा, भाडं सहासष्ट, वीज अठरा, पोरग्याचे सत्तर, किरकोळ छत्तीस, उरले दोन लाख तीस. त्यातून अण्णांचे एक लाख वीस हजार हप्ते गेले की घरात महिन्याला नऊ हजार. नोकरीत एकतीस होते.

बापू माझ्याकडे आले आणि विचारलं, अण्णा येऊ शकत नाहीत तर हप्ता कमी करता येईल का. करारात बसण्याची अट होती, पण ती मोडली तर काय, हे लिहिलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी वाद घालता आला असता. मी म्हटलं, कायद्याचं मी सांगतो, पण आधी घरी बोला.

वहिनींनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, पाच महिने तो माणूस दिसत नसताना येऊन बसला, आत्ता अंथरुणावर असताना त्याचे दहा हजार कापायचे नाहीत. घरात त्या शिवणकाम करत, त्यांनी ते वाढवलं. मुलाने बहिणीच्या कॉलेजची त्या वर्षाची फी भरली. वीसही हप्ते वेळेवर गेले, शेवटचा जून २०२५ मध्ये.

धंद्याच्या बाजूनंही हा निर्णय फळला. अण्णांनी पलंगावरून फोनवर बापूंना जवळजवळ वर्षभर सांगितलं. मोटरीचा आवाज ऐकवला की ते बिघाड बेअरिंगचा की रोटरचा (आतल्या फिरत्या भागाचा) हे ओळखत. हप्ता कापला असता तर तो फोन उचलला गेला असता, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही.

## आजची स्थिती

दुसऱ्या वर्षी जमा नऊ लाख चाळीसवर गेली, खर्च जाऊन दोन लाख ऐंशी राहिले. २०२५ च्या मेमध्ये पाऊस लवकर कोसळला नसता तर आकडा वर गेला असता. हप्ते संपलेत. पेन्शन सप्टेंबरपासून सुरू झाली. बापूंची स्वतःची उधारी मात्र एक लाख चाळीस हजारांवर आहे आणि ती मला खटकते.

पुढचा धोका सौर पंपांचा. पीएम-कुसुम आणि २०२४ पासूनची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना, दोन्हींतून येणाऱ्या पंपांची पाच वर्षांची देखभाल पुरवठादार कंपनीकडे असते, ते काम दुकानात येत नाही. उलट बाजूला, साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत झाली, त्यामुळे विजेची मोटर लगेच कुणी काढत नाही. बापूंनी कडबाकुट्टी, गिरणी आणि छोट्या कारखान्यांच्या मोटारी वाढवल्या आहेत. कारखान्याचं काम त्यांना ओळखीचं, आणि तिथली बिलं दोन महिन्यांत येतात.

## पुन्हा करायचं झालं तर

सोडलेल्या पगाराचा हिशेब मी पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत मांडला असता. चोवीस महिने, एकतीस हजारांनी, सात लाख चव्वेचाळीस हजार. दुकानाची खरी किंमत सव्वाचार लाख नव्हती. या दोन वर्षांत दुकानातून मिळालं ते वजा केलं तरी बापूंनी मोजलेली रक्कम कागदावरच्यापेक्षा बरीच मोठी आहे. आम्ही हे बोललो होतो, पण ओझरतं.

आरोग्य विम्याचंही तसंच. कारखान्याचा गट विमा ३१ ऑगस्टला संपला. बापूंना मधुमेह आहे, त्यामुळे नव्या पॉलिसीत त्याला प्रतीक्षा काळ लागला (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही), जो अजून सुरू आहे. पॉलिसी नोकरीत असतानाच, गुरुवार सुरू झाले त्या जानेवारीत घेतली असती तर प्रतीक्षेतले काही महिने तरी आधी सरले असते.

कराराच्या आधी घरमालक, मग किंमत. चालू गॅरंटीची यादी. फोन नंबर सहा महिने आधी. आणि विकणारा आजारी पडला तर काय, याची स्पष्ट ओळ, दोघांच्याही भल्याची.

राजीनामा दोन वर्षं आधी द्यायला नको होता का? मला अजूनही वाटतं की किमान एक उन्हाळा आणखी बिनपगारी रजेवर काढून बघायला हवा होता. बापूंना तसं वाटत नाही. त्यांचं म्हणणं, अण्णांचे ते पाच महिने २०२५ मध्ये मिळालेच नसते. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णा वॉकर घेऊन दुकानात आले होते. बापूंच्या हाताखाली आता आयटीआय झालेला बावीस वर्षांचा मुलगा आहे, बारमाही. पूजा झाल्यावर बापूंनी वहीची दुसरी प्रत त्याच्यापुढे ठेवली, यावेळी खुणांशिवाय, सगळं अक्षरांत लिहिलेली. पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. पासष्टाव्या वर्षी दुकान सोडायचं आहे, त्या मुलाला आतापासून दरवर्षी थोडा थोडा हिस्सा देत गेलं तर कागद कसा करायचा, एवढंच विचारायचं होतं. मसुद्यात गॅरंटीचं कलम मी पहिलं लिहिलं आहे.